धनशक्ती बाजरी: अडीच महिन्यांच्या भाकरीनंतर

ऑक्टोबरच्या अखेरीस पारनेर तालुक्यातल्या आत्याबाईंच्या शेतातून आमच्या घरी 30 किलो धनशक्ती, म्हणजे जास्त लोह असलेली बाजरी, आली. तेव्हापासून भोगीपर्यंत आमच्या घरात रोज रात्री याच बाजरीची भाकरी होत होती. मधल्या काळात, तुलना करता यावी म्हणून, शहरातल्या एका दुकानातूनही ‘लोहयुक्त’ म्हणून विकली जाणारी बाजरी मी मुद्दाम आणली. या दोन्हींचा अनुभव मी येथे लिहिते आहे. बाजरी ही काही मिक्सर किंवा मोबाइल नव्हे की जिचे परीक्षण लिहावे, असे कोणाला वाटेल. परंतु जे वाण रक्तक्षयावर उपाय म्हणून तयार केले गेले आणि ज्याच्यासाठी ग्राहक किती पैसे मोजतील हे पाहण्यासाठी खास महाराष्ट्राच्या खेड्यांत अर्थशास्त्रीय प्रयोग झाला, ते विकत घेताना आणि खाताना नेमके काय हाती लागते, हे कोणीतरी सविस्तर सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

आधी वाणाविषयी. धनशक्ती हे हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने आणलेले वाण असून 2012 मध्ये ते प्रथम महाराष्ट्रासाठी प्रसारित झाले आणि 2014 मध्ये देशपातळीवर आले. त्याचे मूळ आयसीटीपी 8203 या आपल्याकडे पूर्वीपासून पेरल्या जाणाऱ्या, टपोऱ्या दाण्याच्या वाणात आहे. त्यातलीच जास्त लोह असणारी झाडे पिढ्यान्‌पिढ्या निवडून हे वाण घडवले गेले. म्हणजे पिठात वरून काही मिसळलेले नाही आणि प्रयोगशाळेत जनुक बदललेले नाही. अशा वाणांना जैवसंपृक्त म्हणतात. धनशक्तीच्या एक किलो दाण्यात सरासरी 71 मिलिग्रॅम लोह आणि 40 मिलिग्रॅम जस्त असते. देशात बाजरीचे कोणतेही नवे वाण प्रसारित करायचे असेल तर किलोमागे किमान 42 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, असा दंडक 2018 च्या सुमारास घालण्यात आला. त्या किमान पातळीपेक्षा धनशक्ती बरीच वर आहे.

आता भाकरी. पहिल्या दिवशी मी दोन किलोच दळून आणली, कारण बाजरीच्या पिठात तेलाचा अंश जास्त असल्याने ते आठ-दहा दिवसांत कडवट लागू लागते, आणि ही खोड धनशक्तीलाही आहेच. दाणा टपोरा, करडा, किंचित निळसर झाक असलेला. पाखडताना हाताला जड लागतो. पीठ गिरणीतून आले तेव्हा नेहमीच्या पिठापेक्षा एक छटा गडद वाटले, पण परातीत मळून पाहिल्यावर फरक फारसा उरला नाही. विरी चांगली आहे. कोमट पाण्यात मळलेला उंडा थापताना काठ चिरले नाहीत, आणि तव्यावर पाणी फिरवून उलटल्यावर पापुद्रा असा सुटला की आईने न विचारता दुसरी भाकरी घेतली. चव गोडसर आहे; संकरित बाजरीची भाकरी गार झाल्यावर घशात जी कोरडी खरखर जाणवते ती इथे कमी आहे. सकाळी उरलेली भाकरी ताकात कुस्करून खाल्ली तरी ती मऊ होती. लोह जास्त म्हणजे धातूची चव लागेल, अशी शंका माझ्या वहिनीने बोलून दाखवली होती. तशी चव अजिबात लागत नाही.

नेमकी इथेच या वस्तूची खरी अडचण सुरू होते. ज्या गुणासाठी ही बाजरी घ्यायची तो गुण डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, जिभेला लागत नाही. आफ्रिकेत झांबियामध्ये अ जीवनसत्त्वाने समृद्ध मका आणला गेला तेव्हा तो रंगाने नारिंगी होता. घेणाऱ्याला तो ढिगात ओळखू येत होता, आणि म्हणून तिथल्या संशोधकांपुढचा प्रश्न मुख्यतः लोकांना हा रंग रुचेल का असा होता. लोहयुक्त बाजरीचा ढीग आणि साध्या बाजरीचा ढीग शेजारी ठेवले तर जन्मभर बाजरी पिकवणाऱ्या आत्याबाईसुद्धा, दाण्याच्या आकारावरून वाणाचा अंदाज बांधण्यापलीकडे, लोहाविषयी काही सांगू शकत नाहीत. न दिसणाऱ्या गुणासाठी माणूस पैसे मोजेल का, आणि मोजलेच तर कोणाच्या शब्दावर विसंबून, हा प्रश्न मग अर्थशास्त्राचा होतो.

हा प्रश्न महाराष्ट्रात विचारला गेला आहे. ए. बॅनर्जी, एकिन बिरोल, भूषणा करंदीकर आणि जीवंत रामपाल या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या ग्रामीण भागातल्या ग्राहकांबरोबर प्रायोगिक लिलाव केले आणि त्यांचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या सर्वेक्षणात ‘पौष्टिक बाजरीला जास्त पैसे द्याल का’ असे विचारले की समोरचा माणूस पाहुण्याचे मन राखण्यासाठी ‘देऊ की’ म्हणतो. त्या उत्तरावर धोरण आखले तर बी गोदामात पडून राहते. लिलावात मात्र माणसाने सांगितलेल्या भावाला परिणाम असतो. आपण एका किलोला जास्तीत जास्त किती देऊ हे आधी सांगायचे, मग चिठ्ठी काढून एक भाव ठरवायचा. चिठ्ठीतला भाव आपण सांगितलेल्या भावाइतका किंवा कमी निघाला तर चिठ्ठीतल्या भावाने वस्तू घ्यावीच लागते, आणि जास्त निघाला तर वस्तू मिळत नाही. अशा रचनेत फुगवून सांगण्यातही तोटा आहे आणि दाबून सांगण्यातही. खरे मनातले सांगणे हेच फायद्याचे.

या अभ्यासातून तीन गोष्टी पुढे आल्या, आणि माझ्या अडीच महिन्यांच्या अनुभवात त्यांतल्या पहिल्या दोन मलाही भेटल्या. लोहाविषयी काहीही न सांगता नुसती भाकरी चाखायला दिली तरी लोकांनी या बाजरीला स्थानिक बाजरीपेक्षा थोडा जास्त भाव दिला, कारण चव आणि रूप त्यांना अधिक आवडले. तिच्या पोषणाची माहिती दिल्यावर हा वाढीव भाव बराच वर गेला. आणि ब्रँड किंवा प्रमाणपत्र कोणाचे असावे याबाबत त्यांनी राज्य पातळीवरच्या संस्थेपेक्षा आंतरराष्ट्रीय संस्थेला अधिक पसंती दिली. हा तिसरा निष्कर्ष वाचताना मला वाईट वाटले. ज्या राज्याच्या कृषी विद्यापीठाच्या वाणांवर इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दोन पिढ्या जगल्या, त्याच राज्याच्या शिक्क्यावर त्या शेतकऱ्याच्या शेजाऱ्याचा विश्वास कमी असावा, ही गोष्ट कृषी खात्याने आणि विद्यापीठांनी फार गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

लिलावाची ही रीत वाचून समजली असे वाटत होते, पण ती हाताने करून पाहिल्याशिवाय पुरती उमगली नाही. भोगीच्या दिवशी भावाच्या घरी आम्ही सात जण जमलो होतो. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे म्हणत तीळ लावलेल्या भाकऱ्या आणि लेकुरवाळी भाजी ताटात आली, आणि मी आधी ठरवल्याप्रमाणे दोन वेगवेगळ्या टोपल्यांत दोन बाजऱ्यांच्या भाकऱ्या ठेवल्या: एकीत धनशक्ती, दुसरीत बाजारातली 35 रुपये किलोची साधी बाजरी, दोन्ही एकाच दिवशी एकाच गिरणीतून दळून आणलेल्या. कोणती कोणती हे फक्त मला ठाऊक होते. जेवणानंतर प्रत्येकाने दोन्ही धान्यांच्या एकेक किलोला आपण जास्तीत जास्त किती देऊ ते कागदावर लिहिले. पैसे स्वतःच्या खिशातून द्यायचे, ही अट मी सुरुवातीलाच सांगितली होती, आणि ती सांगताच खोलीतली गडबड थांबून सगळे विचार करू लागले. सातांपैकी पाच जणांनी धनशक्तीच्या टोपलीला दोन ते पाच रुपये जास्त लिहिले. मग मी लोहाविषयी चार वाक्ये वाचून दाखवली आणि पुन्हा भाव लिहायला सांगितले. वहिनी 38 वरून 55 वर गेली. चुलतभावाने 36 चे 40 केले. आत्याबाईंनी आकडा बदलला नाही. “मला चव पटली, तिचे पैसे मी लिहिले,” त्या म्हणाल्या, “पोटात लोखंड गेलं की नाही, ते कोण बघायला येतंय?”

नाणे उडवून धनशक्तीची पिशवी ठरली आणि डब्यातून चिठ्ठी निघाली 47 रुपयांची. वहिनीने पर्स उघडून 47 रुपये मोजले आणि पिशवी घेतली. चुलतभाऊ मात्र लगेच म्हणाला, “47 ला तर मीही घेतली असती, मला द्या की.” ती त्याला देता येत नव्हती, कारण त्याने 40 लिहिले होते. घासाघीस होईल या सवयीने आपण दाबून लिहिले, हे त्याने स्वतःच सांगितले, आणि या रीतीत घासाघीस करून काही मिळत नाही हे त्याच्या त्या एका वाक्यात मला जितके स्पष्ट दिसले तितके वाचताना दिसले नव्हते. सात माणसांच्या या खेळातून काहीही सिद्ध होत नाही, हे मला पूर्ण ठाऊक आहे. तरीही सांगितलेला शब्द आणि खिशातून निघालेला रुपया यांत अंतर किती असते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेले बरे. आणि आत्याबाईंचा प्रश्न तर मुळावरच बोट ठेवणारा होता.

त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यांच्याच जिल्ह्यात मिळालेले आहे. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात वसतिगृहात राहणाऱ्या 12 ते 16 वर्षांच्या 246 मुलामुलींना दोन गटांत विभागून सहा महिने दिवसातून दोनदा बाजरीची भाकरी दिली गेली. एका गटाला धनशक्तीची, दुसऱ्याला साध्या वाणाची. कोणत्या गटात कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ठरले होते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार महिन्यांतच धनशक्ती खाणाऱ्यांच्या शरीरातला लोहाचा साठा दुसऱ्या गटापेक्षा अधिक वाढला होता, आणि सुरुवातीला ज्यांच्यात लोहाची कमतरता होती त्यांची ती कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या 1.64 पट होती. एखाद्या धान्याच्या पिशवीमागे एवढा सरळ पुरावा उभा असावा, आणि तोही आपल्याच भाकरीतून, आपल्याच मुलांवर, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परंतु याच वाणाचे पदार्थ मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या एक-दीड वर्षाच्या बाळांना पूरक आहार म्हणून दिले गेले तेव्हा एकूण गटात तसा ठळक फरक दिसला नाही. इवलेसे पोट, थोडकाच आहार आणि वरचेवरची आजारपणे असताना धान्यातले लोह किती पोहोचणार, याला मर्यादा असावी. म्हणून ही बाजरी वाढत्या वयाच्या, पोटभर भाकरी खाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि बायांसाठी मी निःशंकपणे सुचवीन. तान्ह्या बाळाच्या लोहाच्या औषधाला पर्याय म्हणून मात्र मुळीच नाही.

आकड्यांत सांगायचे तर दिवसाला 200 ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण तीन भाकऱ्या, पोटात गेल्या तर धनशक्तीतून सुमारे 14 मिलिग्रॅम लोह मिळते. किमान पातळीच्या वाणातून साडेआठ मिलिग्रॅमच्या आत. प्रौढ स्त्रीसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये दिवसाला 29 मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. धान्यातल्या लोहाचा थोडाच भाग शरीर घेते, त्यामुळे भाकरीबरोबर लिंबू, कच्चा टोमॅटो किंवा आवळ्याचे काही असावे आणि जेवल्याबरोबर चहा घेऊ नये. आमच्या घरी ही शेवटची शिस्त पाळणे हाच सर्वांत अवघड भाग ठरला. महाराष्ट्रात 15 ते 49 वर्षांच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी 68.9 टक्के रक्तक्षयाने ग्रासलेली होती, असे 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसून आले. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की भाकरीतल्या साडेपाच-सहा मिलिग्रॅमच्या फरकाला क्षुल्लक म्हणवत नाही.

आता दुकानातल्या बाजरीविषयी, आणि इथे माझी तक्रार आहे. शहरातल्या एका दुकानात, त्याचे नाव मी लिहीत नाही, पोत्यावर पुठ्ठ्याचा तुकडा खोचून त्यावर हाताने ‘लोहयुक्त बाजरी’ असे लिहिले होते आणि भाव नेहमीच्या बाजरीपेक्षा किलोमागे 30 रुपये जास्त होता. वाण कोणते, माल कोणत्या भागातला, कोणत्या हंगामाचा, लोह कोणी मोजले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. “सगळे नेतात, चांगली आहे” एवढेच ऐकायला मिळाले. मी दोन किलो घेतली. दाणे एकसारखे नव्हते, काही बारीक आणि पिवळसर, काही टपोरे. भाकरी खाण्यासारखी झाली, पण विरी कमी असल्याने काठ चिरत राहिले. त्या पोत्यात धनशक्ती असेलही, नसेलही. वाढीव 30 रुपये मी नेमके कशाचे मोजले हे मला आजही सांगता येणार नाही, आणि म्हणूनच अशा सुट्या, बेनामी मालासाठी जास्त पैसे देऊ नका असे मी आवर्जून सांगेन.

हा एका दुकानदाराचा दोष मानून मी सोडून देऊ इच्छित नाही. दुधात, तेलात, मिठात किंवा तांदळात पोषकद्रव्ये वरून मिसळली असतील तर पाकिटावर ‘प्लस एफ’ हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे चिन्ह आपण काही वर्षांपासून पाहतो आहोत. दाण्याच्या आतच लोह वाढवलेल्या धान्याला ओळखता येईल असे सर्वपरिचित चिन्ह मात्र मला बाजारात कुठेही दिसले नाही. प्रायोगिक लिलावांनी 2016 मध्येच सांगितले होते की माहिती दिली तर ग्राहक जास्त भाव देतो आणि विश्वासू शिक्का असेल तर आणखी देतो. 2018 मध्ये बाजरीसह भरडधान्यांना पौष्टिक धान्याचा दर्जा देणारी अधिसूचना निघाली, 2023 हे वर्ष तर जगभर भरडधान्यांचे म्हणून साजरे झाले. मेळावे भरले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, आणि या सगळ्यात ‘बाजरी खा’ हे ठळकपणे सांगितले गेले. कोणती बाजरी, हे सांगायचे राहून गेले. प्रयोगाचे उत्तर हाताशी असताना ते वापरायचे नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

माहिती देणे महाग पडते, हे कारण यावर पुढे केले जाते. त्यालाही झांबियाच्या त्या मक्याच्या अभ्यासाने उत्तर दिलेले आहे. तिथे काही गावांत माहिती रेडिओसारख्या ध्वनिमुद्रित संदेशातून दिली गेली आणि काही गावांत स्थानिक पुढाऱ्यांच्या तोंडून. लोकांच्या पसंतीवर दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच झाला. म्हणजे दारोदार माणसे पाठवण्याइतका खर्च न करताही काम होऊ शकते. आपल्याकडे आकाशवाणीचे शेतीविषयक कार्यक्रम आहेत, आठवडे बाजार आहेत, अंगणवाडी सेविका आहेत. लोह मोजून घेतलेल्या बाजरीच्या पिशवीवर चार ओळी छापणे तर त्याहूनही स्वस्त आहे.

दुसऱ्या बाजूने एक सावधगिरीचा धडाही आहे, आणि तो मी लपवू इच्छित नाही. बिहारच्या भोजपूर जिल्ह्यात 400 गावांमध्ये लोह आणि आयोडीन दोन्ही असलेल्या मिठाचा मोठा प्रयोग अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी (लिलावाच्या अभ्यासातले ए. बॅनर्जी वेगळे), एस्थर डफ्लो आणि शॅरन बार्नहार्ट यांनी केला. मीठ सवलतीत विकले, काही घरांना फुकटही दिले, तरी रक्तक्षयावर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. त्याच राज्यातल्या जहानाबादमध्ये तसेच मीठ शाळेच्या माध्यान्ह भोजनात वापरले गेले तेव्हा मात्र मुलांमधला रक्तक्षय कमी झाला. कोणत्या वयाच्या, कोणत्या माणसाच्या ताटात ते रोज न चुकता पडते, यावर सगळे अवलंबून राहते असे मला यातून वाटते. नगरच्या वसतिगृहातही भाकरी रोज, दोन वेळा, एकाच स्वयंपाकघरातून मिळत होती. त्यामुळे सरकारने धनशक्तीसारखी बाजरी दुकानदाराच्या पुठ्ठ्यावर सोडून न देता आधी आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत आणावी, हे माझे मत या दोन प्रयोगांनी पक्के केले. 15 ऑगस्ट 2021 रोजी सर्व सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा झाली आणि ती अमलात आणण्यासाठी यंत्रणा कामाला लागली. जिथे भाकरी खाल्ली जाते त्या पट्ट्यातही मुलांच्या लोहाचा भार तांदळानेच का उचलावा?

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर धनशक्ती ही सर्वांसाठी नाही. ती 75 दिवसांच्या आसपास तयार होते, केवडा रोगाला चांगली तोंड देते, आणि पाऊस उशिरा आला तरी हाती काही लागते. पारनेरसारख्या अवर्षणप्रवण भागात हे फार मोठे आहे. परंतु ती संकरित नसून सुधारित वाण असल्याने उत्पन्नात चांगल्या संकरित बाजरीच्या मागे राहते. आत्याबाईंनी दोन एकरांपैकी अर्ध्यातच ती घेतली, घरच्या खाण्यापुरती आणि आम्हा नातेवाइकांपुरती. बाकी अर्ध्यात विक्रीसाठी संकरित आणि जनावरांना सरमाड. बाजार समितीत व्यापारी दोन्हींना एकच भाव देतो, मग कमी उतारा का पत्करायचा, असा त्यांचा सरळ हिशेब आहे आणि त्यात मला काहीही चूक दिसत नाही. आता परभणीच्या कृषी विद्यापीठाने एएचबी 1200 आणि एएचबी 1269 हे जास्त लोहाचे संकरित वाणही आणले आहेत, त्यामुळे लोह आणि उतारा यांतली निवड पूर्वीइतकी कठीण राहिलेली नाही. मात्र संकरिताचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते.

धनशक्तीचे बी घरी राखता येते, हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. तो खरा आहे, पण त्यालाही अट आहे. बाजरीत परपरागीभवन होते. शेजारच्या शेतातल्या दुसऱ्या वाणाचे पराग वाऱ्याबरोबर येतात आणि दोन-तीन हंगामांत वाणाची शुद्धता जाते, तिच्याबरोबर लोहही कमी होत जाते. बी राखायचे तर दुसरी बाजरी निदान 200 मीटर दूर हवी. आत्याबाईंचे शेत लांबट आणि अरुंद आहे, बांधापलीकडे संकरित उभी असते, आणि त्यांच्याच अर्ध्या रानातही संकरित आहे. मळणीनंतर खळ्यावर उभे राहून त्यांनी ठरवले की या वर्षीचे दाणे खायचे, पेरायचे नाहीत. जूनमध्ये प्रमाणित बियाण्याची नवी पिशवी आणायची.

पुढच्या हंगामातली 40 किलो बाजरी मी त्यांच्याकडे आताच सांगून ठेवली आहे, बाजारभावापेक्षा किलोला दहा रुपये जास्त देऊन. वाढीव पैसे घ्यायला त्या आधी तयार नव्हत्या. भोगीच्या दिवशी कागदावर मी स्वतः 45 लिहिले होते, तो कागद मी त्यांना दाखवला, तेव्हा त्यांनी मान्य केले. प्रत्येक पिशवीवर वाणाचे नाव, गावाचे नाव आणि बियाणे कोणत्या वर्षी आणले ते लिहून द्यायचे, एवढी माझी अट त्यांनी मार्करने लिहिण्यासाठी भाच्यावर सोपवली आहे.